मुदत संपलेल्या पथकात

आमच्या पथकाची मुदत कधीच संपली आहे हे मला डोंगर चढताना, गाडीत बसल्याबसल्या कळलं.

मी तेव्हा ओमानमधल्या निझव्याला नर्स होते. नोकरी सरकारी, पण मोठ्या इस्पितळातली नव्हे. आमचं एक छोटंसं पथक होतं. एक डॉक्टर, मी आणि गाडी चालवणारे भाई. वरच्या डोंगरातल्या गावांमध्ये थॅलेसेमियाची बरीच मुलं आहेत. त्यांच्या अंगात रक्त नीट तयारच होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागतं, आणि ते जन्मभर. प्रत्येक वेळी मुलाला घेऊन तो घाट उतरून खाली यायचं म्हणजे आईबापांचा सगळा दिवस जायचा, आणि काही जण मग टाळायला लागायचे. म्हणून सरकारने हे पथक काढलं होतं. निझव्याच्या रक्तपेढीतून थंड पेटीत रक्ताच्या पिशव्या घ्यायच्या, वर जायचं आणि गावच्या आरोग्य केंद्रात एका खोलीत मुलांना रक्त चढवायचं.

डॉक्टर ओमानी होत्या, मस्कतच्या, वयाने माझ्याहून लहान. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्या मला सिस्टर म्हणायच्या, मी त्यांना डॉक्टर. त्या दिवशी घाटाच्या तोंडाशी पोलिसांनी गाडी थांबवली, नेहमीसारखं, ती फोर-व्हील आहे ना ते पाहिलं, कारण साधी गाडी त्या घाटात जाऊ देत नाहीत, आणि सोडली. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. त्या अरबीत बोलत होत्या. माझं अरबी कामापुरतं. दुखतंय का, कुठे दुखतंय, हात सरळ ठेव, खलास, झालं, एवढ्यावर चालायचं. पण ‘संपलं’ आणि ‘दोन वर्षं’ हे शब्द मला कळले, आणि डॉक्टरांचा आवाज बदलला तेही कळलं.

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, आपलं पथक ज्या आदेशाने सुरू झालं तो ठराविक वर्षांसाठी होता. ती वर्षं संपली. नवा आदेश कुणी काढलाच नाही."

"मग आपला पगार कुठून येतो?"

"अंदाजपत्रकात आपल्या नावाची एक ओळ आहे. दरवर्षी ती मागच्या वर्षीसारखीच छापली जाते. काढायची कुणाला आठवण झाली नाही, म्हणून पैसे येतात. पण आपण असावं की नाही, हे दोन वर्षांत कुणी ठरवलेलं नाही."

भाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते रायगडकडचे, श्रीवर्धनजवळच्या गावातले. ओमानात त्यांची उमर गेली होती. इंग्रजी त्यांना पुरतं समजायचं, पण समजतं असं ते दाखवायचे नाहीत.

त्या दिवशी वर पोचल्यावर मी रोजच्यासारखं काम केलं. पिशवीवरचा गट पाहिला, मुलाच्या हातातला नाव-रक्तगट लिहिलेला पट्टा पाहिला, डॉक्टरांनी पुन्हा तेच तपासलं, सुई लावली. हे सगळं मी वर्षानुवर्षं करत आले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदाच रक्ताचा थेंब नळीतून खाली उतरताना माझ्या मनात आलं, की आत्ता या खोलीत काही वाईट झालं तर मी कोणाच्या हुकमाने इथे उभी होते, असं विचारतील.

हा विचार एकदा आत शिरला तो गेला नाही.

गेल्या दोन वर्षांतल्या बारीकसारीक गोष्टी मला मग एकदम उमगायला लागल्या. माझा करार पूर्वी लांबलचक मुदतीचा असायचा, तो हल्ली तुकड्यातुकड्याने वाढवला जात होता. माझ्या बताक्याचं, म्हणजे इथल्या राहण्याच्या कार्डाचं नूतनीकरण प्रत्येक वेळी अडकायचं. आरोग्य केंद्रातला फ्रीज बिघडला तेव्हा नवा मिळाला नाही, आम्ही थंड पेटीवरच भागवत होतो. मी समजायचे की सरकारी कामं अशीच चालतात. आता कळलं की पगार आणि पेट्रोल जुन्या सवयीने सुटत होतं, पण नवी गोष्ट घ्यायची म्हटलं की सही करणाऱ्याला विचार पडायचा, आपण सही नेमकी कोणत्या आदेशाखाली करतोय?

माझा नवरा मस्कतमध्ये वादी कबीरला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. मुलगी तिथल्याच शाळेत. आमचं घर तिथे, मी मात्र आठवडाभर निझव्याला नर्सांच्या फ्लॅटमध्ये आणि गुरुवारी संध्याकाळी घरी. त्या गुरुवारी मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी पोहे करताना सांगितलं.

तो म्हणाला, "पगार येतोय ना? मग गप्प राहायचं. आपण परक्या देशात आहोत."

"अहो, पण उद्या एखाद्या पोराला काही झालं तर?"

"इतक्या वर्षांत काही झालं?"

"नाही झालं."

"मग?"

मुलगी डायनिंग टेबलावर बसून ऐकत होती. तिचं मराठी अडखळत चालतं, वाक्य सुरू मराठीत होतं आणि इंग्रजीत संपतं. ती म्हणाली, "आई, तुला ते... फायर करणार का?"

मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि पुस्तकात बघायला लागली, पण पान उलटलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात बातमी आली. मजलिस म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची सभा. सरकारी कामांबद्दल विचारणा करायचा तिला अधिकार असतो. तिच्या एका समितीने ठरवलं होतं, की मुदत संपूनही ज्या योजनांना पैसे मिळताहेत त्या एकेक करून तपासायच्या. त्या यादीत आम्ही होतो.

आमच्या योजनेचे प्रमुख मस्कतला बसायचे. मी त्यांना तोवर दोनदाच पाहिलं होतं. सभ्य माणूस, बोलणं हळू. त्यांनी इतर भागांतल्या पथकांसकट आम्हा सगळ्यांना मस्कतला बोलावलं. आम्ही आत गेलो तेव्हा खजूर आणि काहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, फिरत होता. मी एक खजूर उचलला आणि तो हातातच धरून बसले.

प्रमुख आधी अरबीत बोलले, मग आम्हा परदेशी लोकांसाठी इंग्रजीत. म्हणाले, समितीचे लोक येतील, प्रश्न विचारतील. विचारलं तेवढंच सांगा. आदेशाबद्दल, पैशाबद्दल विचारलं तर माझ्याकडे पाठवा. आपलं काम चांगलं आहे, ते वाचवायचं आहे. मग आमच्या रांगेकडे बघून म्हणाले, "तुम्ही आमचे पाहुणे आहात."

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "ते शेवटचं असं का म्हणाले?"

"चांगल्या अर्थाने म्हणाले असतील," डॉक्टर म्हणाल्या.

भाई गाडीचं दार उघडत होते. त्यांनी मराठीत हळूच सांगितलं, "पावन्याला घरातलं काय दिसलं तरी तो बोलत नाय ताई. तसंच सांगितलान तुमाला."



मला प्रमुखांची भीती वाटत होती असं नाही. मला सगळ्याचीच भीती वाटायला लागली होती. रक्तपेढीत पिशव्या घेताना तिथला माणूस जरा जास्त वेळ बघत राहिला तरी वाटायचं, आज हा म्हणणार, तुमच्या पथकाला रक्त द्यायचं बंद झालंय. घाटात भाईंनी ब्रेक मारला की मी मागे वळून पेटी धरायचे. मुलांच्या आया पूर्वीसारख्याच हसून सलाम करायच्या, फडक्यात बांधून डाळिंबं द्यायच्या, आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघता यायचं नाही. त्यांना वाटत होतं की आमच्या मागे सगळं सरकार उभं आहे.

मग तो सोमवार आला.

वरच्या एका गावातली सात-आठ वर्षांची मुलगी होती. बारीक, चेहरा पिवळट, पण बडबडी. मला अरबी शिकवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. मी उच्चार चुकवला की ती तोंडावर हात धरून हसायची. तिची आई तरुण होती, फारशी बोलायची नाही, खोलीत भिंतीला टेकून बसून राहायची. त्या दिवशीही तसंच. पिशवी मी आणि डॉक्टरांनी दोघींनी तपासली. सुरुवातीला मी नेहमीप्रमाणे पोरीजवळच बसले. सगळं ठीक होतं. ती मला खिडकीतून दिसणाऱ्या वस्तूंची नावं सांगत होती. झाड, दगड, बकरी.

मग ती बोलायची थांबली.

मला वाटलं दमली. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचे ओठ थरथरत होते. मग खांदे. मग सगळी कॉटच हलायला लागली. तिने पाठीला हात लावायचा प्रयत्न केला आणि "थंडी" असा शब्द म्हणाली. तो मला तिनेच शिकवला होता.

मी नळी बंद केली. हाक मारली ती मोठ्याने मारली असणार, कारण डॉक्टर पळतच आल्या. पिशवी आणि नळी काढली, नवी नळी लावून सलाइन सुरू केलं. ताप चढत होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मी पुन्हा पिशवीवरचा गट वाचला, पट्टा वाचला, पुन्हा पिशवी वाचली. बरोबर होतं. अक्षरं मात्र माझ्या डोळ्यांसमोर हलत होती, म्हणून मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही वाचा. त्यांनी मोठ्याने वाचलं. बरोबरच होतं. तरी माझी खात्री पटेना.

रक्त चढवताना नुसता ताप येऊ शकतो, तो उतरतो. पण चुकीचं रक्त गेलं असलं किंवा रक्तात जंतू असले तरी सुरुवात अशीच होते, आणि मग मूल हातचं जातं. यातलं कोणतं, ते त्या खोलीत कळायला मार्ग नव्हता. प्रयोगशाळा खाली, निझव्याला.

"यल्ला, चला," डॉक्टर म्हणाल्या. "खाली न्यायचं."

भाईंनी गाडी अगदी दाराशी लावली होती. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर मुलीचं डोकं, मी खाली वाकून सलाइनची बाटली वर धरलेली, डॉक्टर पुढे बसून फोनवर इस्पितळाला सांगत होत्या. तो घाट मी शेकडो वेळा उतरले असेन. त्या दिवशी प्रत्येक वळणावर मला वाटलं आपण पोचत नाही. मी मुलीची नाडी धरून होते. मध्येच ती इतकी मऊ लागायची की मी बोटं दाबून शोधायचे, आणि सापडली की माझाच श्वास सुटायचा. आईचे ओठ हलत होते, प्रार्थना करत असावी. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे विश्वास होता.

भाई सारखे आरशात बघून विचारत होते, "ताई, पोरगी कशी हाय?"

"आहे," मी म्हणायचे.

इस्पितळात तिला आत घेतलं. मी पिशवी आणि रक्ताचा नमुना घेऊन रक्तपेढीकडे धावले. मग बाहेर बाकावर बसले. माझ्या निळ्या गणवेशावर सलाइन सांडलं होतं. तिथे बसून मी मनातल्या मनात सगळं कुणाला तरी सांगत होते. साहेब, मी तपासलं होतं. साहेब, आम्ही दोघींनी तपासलं होतं. आणि तो मनातला साहेब दर वेळी एकच विचारायचा, पण तुम्ही तिथे होता कशाच्या आधारावर?

दुपार टळल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. रक्त बरोबर होतं, पहिल्या तपासणीत जंतू सापडले नव्हते. नुसता ताप होता, आणि उतरायला लागला होता. मुलीने पाणी मागितलं होतं.

मी तिथेच रडले. डॉक्टर माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी प्रमुखांना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं. पलीकडून ते काय म्हणाले ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मुलगी बरी आहे ना, मग अहवाल आत्ता नको, समिती येऊन जाऊ दे.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, अहवाल आज जाईल." मग म्हणाल्या, "सिस्टर, मला पण भीती वाटते. माझं घर इथे आहे, मला कुठे परत जायला पण नाही."

तो अहवाल त्यांनी त्याच दिवशी पाठवला. खाली त्यांची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी.

समिती त्यानंतर दोन आठवड्यांनी आली. आम्हाला वाटलं होतं मस्कतला कार्यालयात बोलावतील. ते वरच आले, आरोग्य केंद्रात. तीन जण होते. मुख्य बोलणारे एक वयस्कर सदस्य, पांढरी दाढी, डोक्याला मुसर हा ओमानी फेटा, हातात काठी. त्यांच्याबरोबर एक बाई होत्या. त्या मधूनमधून लिहून घेत होत्या आणि आमच्याशी इंग्रजीत बोलत होत्या. तिसरा तरुण होता, तो सगळं केंद्र बघत खोल्याखोल्यांतून फिरत होता. आमचे प्रमुखही आले होते. ते दाराजवळ उभे राहिले.

त्या दिवशीसुद्धा रक्त चढवणं चालूच होतं. दोन मुलं कॉटवर होती. आणि भिंतीला टेकून ती आई बसली होती, कारण तिच्या मुलीला त्या दिवशी पुन्हा आणायचं ठरलं होतं. या वेळी ताप येऊ नये म्हणून आधी औषध दिलं होतं, आणि मी तिच्या कॉटजवळून हलत नव्हते.

वयस्कर सदस्यांनी डॉक्टरांना बरंच विचारलं. मग त्या बाई माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

मी सांगितलं.

"या काळात तुमचं काम बघायला कोण आलं?"

मी प्रमुखांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. ‘पाहुणे’ हा शब्द माझ्या कानात वाजत होता. मला वाटलं मी म्हणेन, हा प्रश्न साहेबांना विचारा. तेच सांगितलं होतं. पण माझा हात मुलीच्या मनगटावर होता, नाडी मोजत होता, आणि मला खोटं बोलायला लागणारा वेळ मिळालाच नाही.

"कुणी नाही," मी म्हटलं. "तुम्हीच पहिले."

त्यांनी लिहून घेतलं. पेन कागदावर चालल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"कधी काही चुकलं का? काही वाईट घडलं का?"

"घडलं." मी त्या सोमवारचं सांगितलं. रक्त बरोबर होतं हे सांगितलं. आणि हेही सांगितलं की त्या दिवशी जंतू निघाले असते किंवा घाटात गाडी अडकली असती तर मुलगी वाचली नसती. इथे राहणारा डॉक्टर नाही, फ्रीज नाही, तपासायला काही नाही. बोलता बोलता मला जाणवत होतं की मी आमचंच पथक बंद पाडते आहे. तरी थांबता येईना. इतके महिने पोटात साठलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं.

वयस्कर सदस्यांना त्या बाईंनी अरबीत सगळं सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि मुलीच्या आईकडे वळून काहीतरी विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली. फार हळू, दोनच वाक्यं. डॉक्टरांनी मला कानात सांगितलं, "ते विचारतात, तुला भीती वाटत नाही का इथे मुलीला आणायची? ती म्हणते, वाटते. पुढच्या वेळी हे लोक येणार आहेत का, एवढं तुम्ही सांगा."

वयस्कर सदस्यांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी सदस्यांकडे पाहिलं. शेवटी म्हातारे सदस्य "इन्शाल्ला" म्हणाले, पण मान खाली घालून.

जाताना त्यांनी काहवा घेतला नाही. भाई बाहेर म्हणाले, "आता गेलाव आपण, ताई."

तसंच झालं. समितीने शिफारस केली की नवा आदेश निघेपर्यंत या योजनेला पैसे देऊ नयेत. पथक थांबलं. मला निझव्याच्या इस्पितळात तात्पुरतं घेतलं, भाईंना दुसऱ्या खात्याची गाडी दिली. डॉक्टरांना रजेवर जायला सांगितलं. प्रमुखांची बदली झाली की त्यांनीच मागून घेतली, मला नक्की माहीत नाही.

वरची मुलं आता खाली इस्पितळात यायची. मी वॉर्डात असले की दाराकडे डोळे लावून असायचे. आज कोण आलं, कोण नाही. बहुतेक जण आले. डोंगर उतरून, भाड्याच्या गाडीने, शेजाऱ्याच्या गाडीने. एक घर आलंच नाही. तिथल्या मुलाची तारीख उलटून गेली, मग पुढचीही. फोन लागेना. मी भाईंना विनवलं. ते सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या फोर-व्हीलने वर जाऊन त्यांना घेऊन आले. मुलगा पांढराफटक पडला होता, जिना चढताना दम लागत होता. बाप लाजून म्हणत होता की डाळिंबांची तोडणी होती, पुढच्या आठवड्यात आणणारच होतो. मुलगा वाचला. पण त्याला कॉटवर झोपवताना मला वाटलं, मी त्या दिवशी समितीपुढे गप्प बसले असते तर?

हे मी डॉक्टरांना बोलून दाखवलं. त्या मस्कतहून मुद्दाम भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, "गप्प बसला असतात तर पथक चाललं असतं. कदाचित अजून एक सोमवार आला असता." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला पण नक्की माहीत नाही, सिस्टर."

नवा आदेश निघाला तेव्हा थंडी सुरू झाली होती. पथक पुन्हा सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. राहणारा डॉक्टर आणि फ्रीज असेल अशा मोजक्या केंद्रांतच रक्त चढवायचं. दरवर्षी तपासणी. मुदत ठरलेली, आणि ती संपायच्या आत समितीपुढे हजर राहून काम दाखवायचं. त्या बडबड्या मुलीचं गाव नव्या यादीत नव्हतं. तिला अजूनही खाली यावं लागतं. डॉक्टर पथकाच्या प्रमुख झाल्या. मला परत बोलावलं, भाईंनाही.

पहिल्या वार्षिक तपासणीच्या दिवशी मी पहाटेपासून केंद्रात होते. फ्रीजचं तापमान पुन्हा पुन्हा बघत होते. त्या बाई आल्या, त्याच, लिहून घेणाऱ्या. त्यांनी मला ओळखलं, हसल्या आणि सरळ फ्रीजकडे गेल्या. दार उघडून आत पाहिलं. त्यांनी एकेक पिशवी बघितली, तारखा वाचल्या, दार लावलं आणि विचारलं, "गेल्या वर्षात काही वाईट घडलं का?"

"एका मुलाला ताप आला होता," मी म्हटलं. "इथेच सांभाळला."

"सांगा," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.